पावसाचें माप आणि पुराची भूमिति

आषाढ लागला कीं कृष्णाकाठच्या घरोघरीं तीन आंकडे ऐकूं येऊं लागतात. महाबळेश्वरास किंवा कोयनेच्या खोऱ्यांत चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस पडला, हा पहिला. धरणाच्या दरवाजांतून किती क्युसेक पाणी सोडलें, हा दुसरा. आणि सांगलीस आयर्विन पुलापाशीं नदी किती फुटांवर आली, हा तिसरा. तिन्ही आंकडे एकाच पाण्याचे. पण पहिला उंचीचा, दुसरा वाहत्या घनफळाचा आणि तिसरा पुन्हां उंचीचा, मात्र अगदीं निराळ्या उंचीचा. यामुळें होतें असें कीं, घरांतील वडील मंडळी तिसऱ्यावर भिस्त ठेवतात, तरुण मंडळी दुसऱ्यावर वाद घालतात, आणि पहिला ऐकून सोडून दिला जातो. वास्तविक पहिल्या आंकड्यापासून तिसऱ्यापर्यंत जाणारी वाट शाळेंतल्या भूमितीचीच आहे. क्षेत्रफळ, घनफळ, लंबदुभाजक आणि समरूप त्रिकोण एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे शालान्त परीक्षेपर्यंत पोंचलेल्या कोणालाहि ती चालतां येते. या महिन्यांत आमच्या वाचकांना त्या वाटेनें नेण्याचा विचार आहे.

प्रथम पाऊस मोजतात म्हणजे काय करतात तें पाहूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा, असें सांगितलें आहे. आणि देशोदेशींचा वर्षाचा पाऊस द्रोणांत दिला आहे. अश्मकांत साडेतेरा द्रोण, अवंतींत तेवीस, आणि अपरांतांत, म्हणजे आपल्या कोंकणांत, अमित! कोंकणच्या पावसापुढें मौर्यांच्या अधिकाऱ्यांनींहि हात टेकले होते, असेंच म्हणावयाचें. पंचांगांतील संवत्सरफलांत पाऊस अमुक आढक असें अजून छापतात, तीहि याच परंपरेंतील भाषा. द्रोण आणि आढक हीं घनमापें आहेत. पाऊस घनमापानें सांगावयाचा तर कुंडाचें तोंड ठरीव असलेंच पाहिजे. नाहींतर ज्याचें कुंड रुंद त्याच्या गांवीं पाऊस अधिक, असा अनर्थ होईल. आजची रीत याहून सोपी आहे. आपण घनफळ सांगत नाहीं, उंची सांगतों. उभ्या सरळ भिंतींचा डबा लहान असो कीं मोठा असो, अंगणांत ठेवला तर दोहोंत पाणी सारख्याच उंचीचें सांठतें. कारण जेवढें तोंड तेवढाच तळ, आणि भागाकारांत क्षेत्रफळ उडून जातें. घागर ठेवाल तर मात्र फसाल. तिचें तोंड लहान आणि पोट मोठें, म्हणून पाणी कमी उंच दिसेल. पसरट वाडग्यांत तें अधिक उंच दिसेल. घरांतील मुलांकडून एखाद्या पावसाळी दुपारीं हा प्रयोग जरूर करून घ्यावा. वेधशाळेची माणसें हें माप रोज सकाळीं साडेआठला घेतात. तेव्हां आज सकाळीं जाहीर होणाऱ्या पावसांतील बहुतेक भाग काल पडलेला असतो, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी झालें. ही किल्ली एकदां हातीं आली कीं पुढचीं दारें आपोआप उघडतात. तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असें घर घेतलें, तर तें सुमारें १११ चौरस मीटर होतें. त्याच्या छपरावर एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ११,१०० लिटर पाणी पडलें. म्हणजे उन्हाळ्यांत आपण ज्याची वाट पाहतों तो पाण्याचा एक मोठा टँकर. येथें कोणी चाणाक्ष मुलगा विचारील कीं, छप्पर तर उतरतें आहे, कौलांचें क्षेत्रफळ जमिनीपेक्षां अधिक भरतें, मग पाणी अधिक कां नको? प्रश्न चांगला आहे. पाऊस सरळ उभा पडतो असें धरलें, तर उतरतें छप्पर तेवढाच पाऊस झेलतें जेवढा त्याच्या खालची सपाट जमीन झेलली असती. छपराची सावली भर माध्यान्हीं सूर्य डोक्यावर असतां जेवढी पडेल तेवढेंच त्याचें पावसाच्या दृष्टीनें क्षेत्रफळ. सह्याद्रीच्या कड्याकपाऱ्यांनाहि हाच नियम लागू आहे. म्हणून डोंगराळ खोऱ्याचा पाऊस काढतांना कडे मोजीत बसावें लागत नाहीं. सपाट नकाशावरचें क्षेत्रफळ पुरतें.

आतां छपरावरून खोऱ्यावर येऊं. कोयना धरणाचें पाणलोट क्षेत्र सुमारें ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्या सगळ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ८ कोटी ९२ लक्ष घनमीटर पाणी होतें. हा आंकडा डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. म्हणून पाटबंधाऱ्याची मंडळी ‘टीएमसी’ हें माप वापरतात. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. शब्द रुक्ष असला तरी त्यांतील भूमिति मोठी गोड आहे: ज्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकीं एक हजार फूट आहे अशी पाण्याची एक पेटी कल्पावी, तोच एक टीएमसी. वरचें पाणी अशा सव्वातीनहून किंचित् कमी पेट्या भरेल. आणि कोयनेचा सगळा शिवसागर, ज्याची क्षमता १०५.२५ टीएमसी सांगतात, तो एकाच पेटींत भरावयाचा म्हटला तर तिची बाजू किती असावी? शंभर पेट्या म्हणजे शंभर हजार फूट लांब, अशी पुष्कळांची समजूत होते; पण येथें घनमूळ काढावयाचें असतें. उत्तर येतें सुमारें ४,७२० फूट. एक मैलहि नाहीं!

दुसरा आंकडा, क्युसेक, म्हणजे दर सेकंदास एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून एक टीएमसी पाणी बरोबर एका दिवसांत वाहून जावयाचें तर प्रवाह ११,५७४ क्युसेकचा लागतो. हा एकच आंकडा पाठ केला तरी वर्तमानपत्रांतील निम्मा गोंधळ नाहींसा होतो. कोयनेच्या खोऱ्यांत दिवसभरांत १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि तो सगळाच त्याच दिवसांत धरणांत आला असें क्षणभर धरलें, तर येणारा प्रवाह सुमारें साडेछत्तीस हजार क्युसेक होईल. ३०० मिलिमीटर झाला तर एक लक्षाच्या वर. मृगाच्या पावसाचें बरेंचसें पाणी तहानलेली जमीन पिऊन टाकते. परंतु श्रावणांत, जेव्हां माती फुगून तृप्त झालेली असते, तेव्हां पडेल तें जवळजवळ सारेंच वाहूं लागतें. जूनच्या शंभर मिलिमीटरांना आणि ऑगस्टच्या शंभर मिलिमीटरांना एकच भाव देणें म्हणूनच घातक आहे.

परंतु ‘सगळ्या खोऱ्यावर १०० मिलिमीटर’ हें आपण किती सहज बोलून गेलों! पाऊस मोजणारीं भांडीं असतात मोजकीं. मधल्या साऱ्या मुलखांत किती पडला हें कोणी ठरवावें? २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस आठवावा. त्या दिवशीं सकाळीं साडेआठपासून दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोंकास कुलाब्याला पाऊणशें मिलिमीटरहि नव्हता. दोहोंची सरासरी काढली तर पांचशेंच्या वर येते. पण ती सरासरी ना कुलाब्याची ना सांताक्रूझची.

खड्ड्याचें घनफळ काढतांना रुंदी निरनिराळ्या ठिकाणीं मोजून सरासरी घ्यावी, असा नियम भास्कराचार्यांनीं लीलावतींत, खातव्यवहारांत, दिलेला आहे. मोजण्याचीं ठिकाणें सारख्या अंतरांवर असलीं तर तो नियम उत्तम चालतो. पाऊस मोजण्याचीं ठिकाणें मात्र तशीं नसतात. जेथें डाकबंगला, जेथें तहसील कचेरी, जेथें धरणावरचा अधिकारी, तेथें भांडें. मधलें रान मोकळें. यावर आल्फ्रेड थिसेन नांवाच्या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानें १९११ सालीं एक युक्ति सुचविली. नकाशावर शेजारशेजारचीं दोन ठिकाणें रेषेनें जोडावीं आणि त्या रेषेचा लंबदुभाजक काढावा. लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदु दोन्ही टोंकांपासून समान अंतरावर असतो, हा सिद्धान्त आपण नववी-दहावींत पाठ केलाच आहे. मग दुभाजकाच्या अलीकडची जमीन या भांड्याच्या वांट्याची, पलीकडची त्या भांड्याच्या. सर्व ठिकाणांसाठीं असें केलें म्हणजे नकाशा बहुभुजाकृतींत विभागला जातो. आणि जेथें तीन दुभाजक मिळतात तो बिंदु त्या तीन ठिकाणांच्या त्रिकोणाचा परिकेंद्र असतो. ज्या प्रमेयाचा उपयोग काय म्हणून विद्यार्थी कुरकुरतात, तें येथें पुराच्या हिशेबाला बसलें आहे.

फरक किती पडतो तें एका कल्पित खोऱ्यावर पाहूं. घाटमाथ्यावर ३०० मिलिमीटर, मध्यें १२० आणि पूर्वेस सपाटीवर २० अशी नोंद आहे. साधी सरासरी आली सुमारें १४७. पण घाटमाथ्याच्या भांड्याच्या वांट्यास खोऱ्याचा एक दशांश, मधल्याच्या वांट्यास तीन दशांश आणि सपाटीच्या वांट्यास सहा दशांश भाग येत असेल, तर ३०, ३६ आणि १२ मिळून ७८ च झाले. पाणी जवळजवळ निम्म्यावर आलें! भांडीं सपाटीवर दाट आणि माथ्यावर विरळ असलीं कीं उलट घडतें, आणि साधी सरासरी संकट लहान करून दाखविते.

थिसेनच्या युक्तींत एक उणीव आहे, तीहि सांगितली पाहिजे. लंबदुभाजकाला डोंगर दिसत नाहीं. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून जवळच पूर्वेस पांचगणीस त्याच्या निम्माहि नाहीं, आणि पसरणीचा घाट उतरून वाईस आलें कीं तो आणखी उतरतो. ही उतरण अंतरानें ठरत नाहीं, पाठीमागच्या डोंगरानें ठरते. म्हणून घाटांच्या मुलखांत समान पावसाच्या ठिकाणांतून वळणदार रेषा काढून हिशेब करणें अधिक श्रेयस्कर. त्या रेषा काढण्यास मात्र डोंगर जाणणारा माणूस लागतो. पट्टी आणि कंपास पुरत नाहींत.

पाणी किती हें कळलें, तरी तें केव्हां येणार हा प्रश्न उरतोच, आणि त्याचें उत्तर खोऱ्याच्या आकृतींत आहे. लांबट, केळीच्या पानासारख्या खोऱ्यांत शेंड्याचें पाणी देंठाशीं येईपर्यंत देंठाजवळचें केव्हांच वाहून गेलेलें असतें. पंख्यासारख्या खोऱ्याची गोष्ट निराळी. कोल्हापूरच्या पंचगंगेचेंच पाहा: कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, आणि श्रद्धेनें पांचवी गुप्त सरस्वती, या नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या येऊन प्रयाग चिखलीजवळ एकत्र होतात. सगळ्यांवर एकदम पाऊस झाला तर सगळ्यांचीं पाणीं थोड्याबहुत फरकानें एकाच वेळीं त्या मुठींत येतात, आणि कोल्हापूर तेथून हाकेच्या अंतरावर. चिखलीच्या लोकांना घरदार सोडून बाहेर पडण्याचा प्रसंग वारंवार येतो, याचें कारण या आकृतींत आहे. पुढें हीच पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. देवळांत एका दारानें शिरून दक्षिणद्वारानें बाहेर पडणारें पाणी पाहून आपण स्नानाचें पुण्य जोडतों. पण कृष्णा भरलेली असली म्हणजे पंचगंगेला वाट मिळत नाहीं, आणि तिचें पाणी मागल्या मागें तुंबूं लागतें, हाहि त्याच सोहळ्याचा एक अर्थ आहे.

आतां शेवटला टप्पा: क्युसेकवरून फुटांवर. नदीचें पात्र उभें कापलें असें कल्पावें. त्या छेदाचें क्षेत्रफळ गुणिलें पाण्याचा वेग, एवढा प्रवाह. पाणी वीस फुटांवरून चाळीस फुटांवर चढलें तर छेद दुप्पट झाला. पण वेगहि वाढतो. कारण पाण्याला अडविते ती तळाची आणि कांठाची घांस, आणि पात्र रुंद असलें म्हणजे खोली दुप्पट झाली तरी ओली कडा फारशी वाढत नाहीं. अधिक पाण्याला तीच घांस वांटली जाते. आयरिश इंजिनियर रॉबर्ट मॅनिंग यानें १८८९ सालीं मांडलेल्या सूत्राप्रमाणें खोली दुप्पट झाली कीं रुंद पात्रांतील वेग दीडपटीहून जास्त होतो, आणि प्रवाह तिपटीच्या वर जातो. उलट बाजूनें पाहिलें तर प्रवाह दुप्पट झाला तरी खोली दीडपटच वाढते. हें ऐकून धीर येतो खरा. पण तो कांठ फुटेपर्यंतच.

एकदां पाणी कांठावरून उसाच्या मळ्यांत शिरलें कीं हिशेब बदलतो. आतां पुलापाशीं आंकडा सावकाश चढूं लागतो. “ताशीं एक इंच चढतें आहे, घाबरण्याचें कारण नाहीं,” असें वाक्य पूरग्रस्त गांवांत पुष्कळदां ऐकूं येतें. दहा चौरस किलोमीटर सपाटीवर पाणी तासाला एक इंच चढतें आहे, याचा अर्थ त्या तासांत अडीच लक्ष घनमीटरांहून जास्त पाणी तेथें सांठलें. म्हणजे येणाऱ्या प्रवाहांतील सुमारें अडीच हजार क्युसेक एकटी ती सपाटी गिळते आहे. इंच लहान आहे तो जागा मोठी आहे म्हणून.

आणि कांठ फुटल्यावर माणसाचा संबंध उंचीशीं कमी, आडव्या अंतराशीं अधिक येतो. येथें समरूप त्रिकोण आठवावा. जमिनीचा चढ पांचशें फुटांस एक फूट असेल, तर नदी एक फूट चढली कीं पाण्याची कड पांचशें फूट पुढें सरकते. २००५ सालीं आयर्विन पुलापाशीं पाणी ५३.८ फुटांपर्यंत गेलें होतें. तेथें चाळीस फूट ही इशाऱ्याची आणि पंचेचाळीस ही धोक्याची पातळी मानतात. २००५ ची खूण भिंतीभिंतींवर राहिली, आणि पुष्कळ घरांनीं तीच पुराची परिसीमा मानली. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलें. फरक पावणेचार फुटांहूनहि किंचित् कमी, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीएवढासुद्धां नाहीं. पण पांचशेंस एक अशा चढावर तेवढ्या फरकानें पाणी सुमारें साडेअठराशें फूट पुढें येतें. “मागच्या वेळीं आमच्या गल्लींत आलें नव्हतें,” असें म्हणून जीं कुटुंबें वृद्धांना आणि लेकुरवाळ्यांना घेऊन घरींच थांबलीं, त्यांना मागाहून नावांची वाट पाहत माळ्यावर बसावें लागलें. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां ५४ फुटांच्या वर गेलें.

म्हणून भिंतीवरच्या जुन्या खुणेऐवजीं आपल्या घराचा स्वतःचा आंकडा काढून ठेवावा, असें आम्ही सुचवितों. कृति अशी. नदी चढलेली पण शांत असेल अशा दिवशीं, घराच्या समोरासमोरच्या कांठावर, जेथें भक्कम भिंत किंवा खांब असेल तेथें, पाणी कोठवर आहे याची खूण दोघां जाणत्या माणसांनीं सुरक्षित अंतर राखून पाहून ठेवावी, आणि त्याच वेळचा पुलाचा आंकडा टिपून घ्यावा. फार वरच्या किंवा खालच्या अंगाची खूण घेऊं नये. वाहत्या पाण्याच्या पृष्ठभागालाहि उतार असतो. पूर ओसरल्यावर गवंडी लोक जोत्याची पातळी काढण्यास जी पाण्याची पारदर्शक नळी वापरतात ती आणावी, आणि त्या खुणेपासून टप्प्याटप्प्यानें घरापर्यंत उंची आणावी. खूण ४१ फुटांच्या वेळची असेल आणि जोतें तिच्याहून बारा फूट वर निघालें, तर जोत्याचा आंकडा ५३. त्यावरून पुढें धान्याची कोठी, देवघर, कागदपत्रांचें कपाट आणि वरच्या मजल्याची पहिली पायरी यांचे आंकडे साध्या टेपानें निघतील.

याच वेळीं आणखी एक उंची मोजावी, आणि ती बहुधा कोणी मोजीत नाहीं. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जातांना गल्लीचा जो सर्वांत खोलगट भाग लागतो, त्याचीहि पातळी त्याच नळीनें काढावी. जोतें ५३ वर असलें आणि गल्लीचा कोपरा ४६ वर असला, तर ४६ लाच घराचें बेट होतें. सासूबाईंना खुर्चींत बसवून न्यावयाचें असेल, घरांत बाळंतीण असेल, किंवा गोठ्यांत गाय बांधलेली असेल, तर निघण्याची वेळ ४६ च्या आधीं येते. आणि वर घाटांत किती मिलिमीटर झाला, धरणांतून किती क्युसेक सुटले, हें त्या वेळेपुरतें पुलाच्या आंकड्यापेक्षां अधिक लक्षपूर्वक ऐकावें लागतें, कारण तें पाणी अजून वाटेंत असतें.